घाटाचा क्लच

आमच्या घरात दादाच्या डाव्या पायाबद्दल कोणी बोलत नसे. लहानपणी तापात त्या पायावरून वारं गेलं आणि तेव्हापासून तो पाय उजव्यापेक्षा बारीक आणि अशक्त राहिला. हे गल्लीला माहीत होतं, शाळेला माहीत होतं, फक्त आमच्या घराला माहीत नव्हतं. आईनं तसा कायदाच करून ठेवला होता. 'लंगडा' हा शब्द घरात काढायचा नाही. आमच्याकडे एक पाय तोकडा असलेला पाट होता, त्यालासुद्धा ती 'हलता पाट' म्हणे. दादाबरोबर बाजारात जायचं असलं की आम्ही सगळे हळू चालायचो, आणि हळू चालतोय हे त्याला कळू नये म्हणून मधेच थांबून उगाच दुकानांच्या पाट्या वाचायचो. अमरावतीच्या बाजारातल्या पाट्या मला पाठ झाल्या त्या अशा. आपण फार मोठं काहीतरी करतो असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

वहिनी अकोटची. लग्न होऊन आली आणि आठवडाही झाला नसेल, सगळ्यांच्या देखत तिनं दादाला विचारलं, "पाय दुखते का हो तुमचा? तेल लावून देऊ?"

आईच्या हातातली पळी भाजीतच थांबली. "आमच्या घरी असं बोलत नाहीत," ती म्हणाली.

"पायाले पाय नाही म्हनत, तं काय म्हनता मंग?" वहिनीनं अगदी सरळ विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. दादा मात्र हसला. वहिनीच्या अडाणीपणाला तो हसला असं मी धरून चाललो. मी मॅट्रिक झालेला होतो, त्यामुळे कोण कशाला हसतं ते मला कळतं असा माझा समज होता.

मोटारीचा क्लच डाव्याच पायानं दाबायचा असतो. असा पाय असलेल्या माणसानं मोटार चालवायचं मनात आणावं हीच मुळात नवलाची गोष्ट. पण दादा गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली काम करून वाढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत निघालेल्या जीपा डिस्पोजलच्या लिलावात विकायला आल्या, त्यातली एक फिरत फिरत त्याच्या हाती लागली. स्टिअरिंग डाव्या बाजूला, वर ताडपत्री, आणि आवाज असा की वेशीवर आली की घरी चहा ठेवावा. ती जीप घेऊन तो परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचा. वर जाताना किराणा आणि बसतील तेवढी माणसं, खाली येताना गवळ्यांच्या वस्तीतला खवा. ऊन चढायच्या आत खवा अमरावतीत हलवायांकडे पोचला नाही तर आंबतो, म्हणून वेळेला फार किंमत. दादा कधी चुकला नाही. हलवाई म्हणायचे, याचा खवा आला म्हणजे भट्टी पेटवायची वेळ झाली.

पुढे जीप चुकायला लागली. धामणगाव गढी हे गाव मागे पडलं की घाट लागतो. तिथं चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. जळक्या रबरासारखा वास यायचा. उतारू खाली उतरून धक्का मारायचे, आणि मग पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीनं जायचे. मिस्त्रीनं पाहून सांगितलं, क्लच गेला. प्लेट झिजली, तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा मेल्या, सगळा सेटच बदलावा लागेल. मूळ कंपनीचा माल परदेशातून येणं तेव्हा जवळजवळ बंद झालं होतं. त्यामुळे बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेला सेट शोधणं आलं, आणि त्यात डावं-उजवं फार.

मी तेव्हा अकोल्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. शनिवारी घरी यायचो ते डोक्यात कापूस घेऊनच. मोटारीच्या सामानाची दुकानं अकोल्यात बरी होती. मी छाती काढून म्हणालो, "दादा, सेट मी आणतो. तू काही बघू नको."

दादानं आजवर माझ्यासाठी पुष्कळ केलं होतं, मी त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. ही पहिलीच संधी. त्यामुळे मी जरा जास्तच उत्साहात होतो, हे खरं.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं दुकान होतं. दाढी मेंदीनं रंगवलेली, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी माझ्यासमोर दोन सेट ठेवले. दोन्ही बाहेरचेच. एक साधा. दुसऱ्याच्या स्प्रिंगा जाड, लोखंड जड, दिसायलाच पैलवान.

"हा घाटाचा म्हना," ते म्हणाले. "ट्रॉली ओढनाऱ्या जीपले लावतात. किती बी चढ असू द्या, सरकनार नाही. पन पेडल कडक होते, बरं का. तुमच्या जुन्या स्प्रिंगा मेल्या ना, म्हनून आता पेडल नरम लागत असन. याच्यानं पाय भरून येते. हा दुसरा नरम हाये, पन घाटात लवकर झिजन. गाडी चालवते कोन?"

"माझा मोठा भाऊ."

"कसा हाये तब्येतीनं? पायात ताकद हाये ना?"

त्यांनी सहज विचारलं. पोटदुखी असेल तर डॉक्टर जसं विचारतो, काल काय खाल्लं होतं, तसं. त्या प्रश्नात कसलाही खोडसाळपणा नव्हता. पण माझ्या कानात आईचा कायदा वाजला. परक्या माणसासमोर, बाजारात, गिऱ्हाइकं उभी असताना मी माझ्या थोरल्या भावाचा पाय उघडा करू? मला रागच आला. "एकदम धट्टाकट्टा आहे," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. "तालमीत जायचा," असंही मी वर जोडून दिलं.

"मंग घाटाचाच घेऊन जा," ते म्हणाले आणि सुतळीनं बांधायला लागले.

मी तो सेट पोत्यात घालून पॅसेंजरनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला आणला. डब्यात एका बाईनं विचारलं, जातं आहे का? मी म्हणालो, त्याहून जड आहे. मला त्या ओझ्याचा अभिमान वाटत होता. जड ते मजबूत, आणि मजबूत ते दादासाठी.

मिस्त्रीनं सेट बसवला. दादा चढून बसला आणि त्यानं पहिल्यांदा पेडल दाबलं. त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मी समोरच उभा होतो, मी तो पाहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. "झकास आनला रे."

आणि जीप घाट चढली. काय चढली! धक्का नाही, वास नाही. उतारू परत आले, खवा वेळेवर यायला लागला, आणि मी अकोल्यात आणि अमरावतीत भेटेल त्याला सांगत सुटलो की क्लच मी निवडला. जिनिंगमधल्या ज्या माणसानं जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं, त्यालाही मी स्प्रिंगांचं महत्त्व समजावून सांगितलं.

दर शनिवारी घरी आलो की काहीतरी वेगळं दिसायचं. दादा संध्याकाळी चौकात गप्पांना जायचा, तो जाईनासा झाला. जेवायला पाटावर बसताना भिंत धरू लागला. वहिनी रोज तेल कोमट करायची आणि आई पाहून न पाहिल्यासारखं करायची. मीही तेच केलं. त्यात आम्हा सगळ्यांचा हात चांगला बसलेला होता. थकला असेल, काम वाढलंय, असं मी स्वतःला सांगत होतो. पेडलावरचा त्याचा तो कोरा चेहरा मला आठवत नव्हता असं नाही.

एका शनिवारी वहिनीनं मला अंगणात गाठलं.

"भाऊजी, उद्या तुमी गाडीवर जा. यांच्या बाजूले बसा."

"काहून?" तिच्याशी बोलताना माझी मॅट्रिकची शुद्ध भाषा पार उडायची.

"मी सांगतलं तं या घरात मलेच वाईट म्हनते. तुमीच डोयानं पाहा."

रविवारी मी दादाशेजारी बसलो. मागे किराण्याची पोती आणि चार उतारू. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. घाटातलं पहिलं मोठं वळण आलं, आणि गिअर बदलायची वेळ झाली. त्या जीपमध्ये गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. उजवा हात तिकडे गेला. डाव्या हातानं स्टिअरिंग धरायचं. दादानं डावा हात स्टिअरिंगवरून काढला, आपल्या डाव्या मांडीवर ठेवला आणि सगळं अंग ओणवं करून मांडी खाली रेटली. पेडल दाबलं गेलं. तेवढा वेळ स्टिअरिंग त्यानं छातीनं दाबून धरलं होतं. डावीकडे दरी होती. पहिल्या गिअरमध्ये जाताना त्या जीपचा क्लच दोनदा दाबावा लागे, त्यामुळे हे सगळं त्यानं लगोलग दोनदा केलं. मागचे उतारू पान खात बोलत होते. त्यांना काही दिसलं नाही.

मी ओरडायला हवं होतं. मी समोर पाहत बसलो. वळण संपल्यावर दादानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "हवा छान सुटली नाई आज?"

"हो," मी म्हणालो.

असली वळणं त्या घाटात किती आहेत ते तिथं गेलेल्यांना माहीत आहे. प्रत्येक वळणाला तो मांडी रेटायचा आणि मी बाकाची कड घट्ट धरायचो. मी आणलेल्या सेटपायी माझा भाऊ दिवसातून कितीदा तरी मरणाच्या काठावरून जात होता, आणि मी त्याच सेटचं कौतुक लोकांना सांगत फिरत होतो. वर पोचल्यावर गवळ्यांनी दूध पुढं केलं. मी पेला शेजारच्या उतारूकडे सरकवला.

सोमवारी मी अकोल्यात त्या दुकानात गेलो. या वेळी गिऱ्हाइकांची पर्वा केली नाही. "चाचा," मी म्हणालो, "माझ्या भावाच्या डाव्या पायावरून लहानपणी वारं गेलेलं आहे. मी खोटं बोललो."

त्यांनी चष्मा वर केला. "तालमीत जात होता म्हने ना तो?"

"तेही खोटंच," मी म्हणालो.

"अरे बापा," ते चिडून म्हणाले, "मी का तुमच्या घरी पोरगी देऊन राहिलो होतो का? मापासाठी इचारलं मी. चपलीवाल्यापासून कोनी पाय लपवते का?" बोलता बोलता त्यांनी आत जाऊन नरम सेट आणून ठेवला. "घेऊन जा. झिजला तं दुसरा देईन. मानूस झिजला तं मी कुठून देऊ?"

शनिवारी मी ते पोतं घरी आणून अंगणात ठेवलं. दादा ओसरीवर पाय पसरून बसला होता. आई सुपात तांदूळ निवडत होती, वहिनी चुलीशी.

"हे काय?" दादानं विचारलं.

"दुसरा सेट आणलाय. नरम आहे. तो बसवून घेऊ."

"काहून? चालून राहिली ना गाडी मस्त."

"दादा, दुकानदार म्हणाले की—"

"कोनाले काय सांगतलं तू?" त्याचा आवाज चढला. मी त्याला चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. "वापस ने ते. नरम सेट घाटात वर्षभर टिकनार नाई. मंग पुन्हा धक्का मारा. कडकच पाहिजे मले."

आई म्हणाली, "राहू दे ना बाबा, तो म्हणते तं." तिला नेहमीसारखं ते झाकून टाकायचं होतं. मलाही अजून एक वाट दिसत होती. सेटमध्ये दोष निघाला, कंपनीनं परत मागवला, असं काहीही सांगता आलं असतं. आमच्या घराण्यात अशी पन्नास कारणं तयार असायची. पण मला ते छातीनं धरलेलं स्टिअरिंग दिसत होतं.

"दादा," मी म्हणालो, "तुझा डावा पाय अधू आहे. त्या पायानं हा क्लच दाबल्या जात नाही. तू एक दिवस दरीत जाशील."

आईनं सूप खाली ठेवलं. वहिनी चुलीपासून उठून दारात आली.

दादानं पसरलेला डावा पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाला, "मले माहीत हाये रे. माहाच पाय हाये तो. तुमालेच माहीत नव्हतं."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो.

"मायनं त्याचं नाव काढलं नाई. तू काढलं नाई. बाजारात मी हळू चाललो का तुमी पाट्या वाचत बसा. मी म्हनलं, घरच्यायले तरास होते आपल्या पायाचा, तं आपन बी नाव काढू नये." तो म्हणाला. "त्या दिवशी पेडल दाबलं आनि समजलं, हे आपल्याच्यानं होनार नाई. पन तू एवढा हौसेनं पोतं उचलून आनलं होतं. कसं सांगू? सांगाचं तं पायाचं नाव काढा लागलं असतं."

आई पदरात तोंड घालून रडायला लागली. दादा तिला म्हणाला, "आता काहून रडतं, माय? झालं ते."

वहिनी एवढंच म्हणाली, "मी आल्या आल्या इचारलं होतं," आणि पुन्हा चुलीकडे गेली. त्या दिवशी मला समजलं की तेव्हा दादा हसला होता तो कशाला. घरात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या पायाची विचारपूस केली होती.

नरम सेट बसला. पेडल सहज खाली जाऊ लागलं आणि दोन्ही हात आपापल्या जागी राहू लागले. एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. पण त्या काही महिन्यांत त्या पायानं जे सोसलं ते भरून आलं नाही. गुडघा सुजायचा तो सुजायचाच. इर्विन दवाखान्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत जे बिघडलं ते आता असंच राहील. पुढच्या उन्हाळ्यात दादाला नरम पेडलही दाबवेना. जीप विकली. विकत घेणाऱ्याला त्यानं स्वतः प्रत्येक गोष्ट समजावून दिली, ब्रेक कुठं ओढतो, पावसात कुठलं वळण जपायचं. मी आत बसून राहिलो, बाहेर जायचा धीर झाला नाही. पुढे तो परतवाड्याच्या रस्त्यावर एका गॅरेजमध्ये बसून काम करायला लागला आणि काठी घेऊन चालू लागला. तो कधी दुखलं म्हणून कुरकुरला नाही, आणि त्यामुळे माझं जिणं आणखीच अवघड झालं.

एका संध्याकाळी तो अंगणात खाटेवर बसला होता. मी शेजारी बसलो. बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य मी शेवटी बोललो. "दादा, हे सगळं माझ्यामुळे झालं."

मला वाटलं, तो म्हणेल, छे रे, तुझा काय दोष, नशीब माझं. आमच्या घरात असंच म्हणत असत. खरं सांगायचं तर ते ऐकायलाच मी आलो होतो. ते ऐकलं असतं तर मी अकोल्याला जाऊन शांत झोपलो असतो.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "तुह्याच्यानंच झालं."

माझे डोळे भरून आले. त्यानं ते पाहिलं आणि पुसायला सांगितलं नाही. मग त्यानं काठी बाजूला ठेवली आणि माझ्यापुढे हात केला.

"आता उठाले हात दे."